जंतू आधी काय खातात?

आपल्या तोंडात, कातडीवर, आतड्यात कोट्यवधी जंतू राहतात. वस्तीतल्या आरोग्य बैठकीत आम्ही हे सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मग ताई, मारायचं कसं त्यांना?" सगळ्यांना मारायचं नसतं. त्यातले बरेच आपल्या उपयोगाचे आहेत. आपण विचारायला हवं ते हे, की त्यांना खायला काय मिळतं? कारण जंतू आपलं काम करतो की नुकसान, हे बऱ्याच अंशी त्यावर ठरतं.

जंतूंना वाढायला कार्बन लागतो. तो साखरेतून, पिठातून, भाजीच्या चोथ्यातून, आपल्या शरीरातल्या पदार्थांतूनही मिळतो. पण समोर दोन पदार्थ आले म्हणून जंतू दोन्ही एकदम खात नाहीत. बहुतेक वेळा ते निवड करतात.

ही निवड नीट दाखवली फ्रान्सच्या जाक मोनो यांनी, 1941 सालच्या आपल्या प्रबंधात. त्यांनी जंतूंना दोन साखरा एकत्र दिल्या. काही जोड्यांत जंतू भराभर वाढले, मग वाढ थांबली, आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाली. आधी एक साखर संपली, मग दुसरीला हात लागला. मधला थांबा तयारीचा होता.

ही तयारी कसली? आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जंतूचं उदाहरण घेऊ. ग्लुकोज त्याला तसंच वापरता येतं. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, मात्र आधी फोडावी लागते. घरात पीठ असताना आपण दळण घेऊन गिरणीत जात नाही, तसंच हे. ग्लुकोज आहे तोवर लॅक्टोज फोडणारं पाचकद्रव्य तो जवळजवळ बनवतच नाही. त्याच्या जनुकावर एक प्रथिन कुलपासारखं बसलेलं असतं. लॅक्टोज आत आलं की कुलूप निघतं. पण तेवढ्याने काम जोरात सुरू होत नाही. ग्लुकोज संपल्याचा निरोपही मिळावा लागतो. कुलपाचा हा उलगडा मोनो आणि फ्रान्स्वा जाकोब यांनी केला. त्यांना आणि आंद्रे ल्वॉफ यांना 1965 साली नोबेल मिळालं.

सगळ्या जंतूंची आवड एक नसते. दही लावणाऱ्या जंतूंपैकी एक, स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस, ग्लुकोजपेक्षा लॅक्टोज पसंत करतो. भाजलेल्या जखमेत हिरवट पू आणणारा सुडोमोनास साखर बाजूला ठेवून आधी काही सेंद्रिय आम्लं खातो.

आता आपल्या घरात येऊ.

दात किडवणाऱ्या जंतूंना साखर मिळाली की काही मिनिटांत ते आम्ल बनवू लागतात. त्या आम्लाने दातावरचं कठीण आवरण विरघळायला लागतं. लाळ ते आम्ल हळूहळू मारते, पण तिला अर्धा तास किंवा जास्त वेळ लागतो. तेवढ्यात पुन्हा गोळी, पुन्हा बिस्किट, पुन्हा गोड चहा आला, तर लाळेला सवडच मिळत नाही. म्हणून साखर किती खाल्ली याइतकंच, दिवसातून किती वेळा खाल्ली हेही महत्त्वाचं.

आतड्यात गोष्ट वेगळी आहे. साधी साखर लहान आतड्यातच शोषली जाते. मोठ्या आतड्यातल्या जंतूंपर्यंत पोचतो तो मुख्यतः चोथा: ज्वारी-बाजरीचा कोंडा, कडधान्याची सालं, पालेभाज्या. तो खाऊन ते ब्युटिरेटसारखी आम्लं बनवतात. दातावरचं आम्ल घातक, पण हे आम्ल मोठ्या आतड्याच्या पेशींचं अन्न आहे.

चोथा मिळालाच नाही तर? आतड्याला आतून चिकट श्लेष्माचा थर असतो. तो आपलं संरक्षण करतो. त्यातही साखरेचे रेणू असतात. काही जंतू चोथा असेल तर आधी तो खातात, आणि चोथा संपला की या थराकडे वळतात. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात माणसाच्या आतड्यातले जंतू उंदरांत वाढवले होते. ज्या उंदरांना चोथा दिला नाही त्यांचा थर पातळ झाला, आणि आतड्याचा संसर्ग त्यांना जास्त जड गेला. प्रयोग उंदरांवरचा आहे, म्हणून माणसात तंतोतंत असंच होतं असं आम्ही म्हणणार नाही. पण चोथा असलेलं जेवण आपल्याला हितकारक आहे, हे माणसांवरच्या अभ्यासांतूनही दिसलं आहे.

पहाटे कामावर जाणाऱ्या आईला पाच रुपयांचं पाकीट हाताशी असतं आणि उसळ शिजवायला वेळ नसतो, हे आम्ही रोज बघतो. दोष तिचा नाही. तरी जमेल ते करू या:

- गोड खायचं तर जेवणासोबत, अधूनमधून नको. खाल्ल्यावर पाण्याने चूळ भरावी.
- रात्री झोपण्याआधी फ्लोराइडच्या पेस्टने दात घासावेत. मिश्री लावू नये, ती तंबाखूच आहे.
- रात्री मूठभर मटकी, चवळी किंवा हरभरा भिजत घालावा. पीठ चाळून कोंडा फेकू नये.
- चोथा हळूहळू वाढवावा आणि पाणी भरपूर प्यावं, नाहीतर पोट फुगतं. आतड्याचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.
- अंगणवाडीत आणि शाळेत मुलांच्या ताटात कडधान्य आणि भाजी खरंच पडते का, हे पालकांनी मिळून जाऊन बघावं. पडत नसेल तर विचारावं. तो मुलांचा हक्क आहे.