सैनिकाच्या मनाची चौकशी

श्रोतेहो, रजेवर आलेल्या जवानास आपण सीमेवरील थंडी विचारतों, बढती विचारतों. मनाची चौकशी मात्र क्वचितच करतों.

सैनिकांच्या आत्महत्यांचीं कारणें सांगतांना संरक्षण मंत्रालयानें संसदेंत कौटुंबिक अडचणी, वैवाहिक बेबनाव, पैशांची ओढाताण व मानसिक ताण यांचा उल्लेख केला आहे. गांवीं भाऊबंदकीचा दावा उभा राहिला, पत्नी आजारी पडली, तर शेंकडों कोस दूर चौकीवर असलेला मनुष्य सारें ऐकतो, पण कांहीं करूं शकत नाहीं. त्यांतून ‘मला सहन होत नाहीं’ असें म्हणणें त्यास भ्याडपणाचें वाटतें. दुखणें कळविल्यास बढती अडेल ही धास्ती निराळीच.

घरच्यांनीं विचारल्यानें नसता विचार डोक्यांत भरेल, हा समज चुकीचा आहे. झोप उडणें, ‘मी तुम्हांस भार झालों’ अशी भाषा, अकारण निरवानिरव, अशीं चिन्हें दिसतांच स्पष्ट विचारावें : ‘जीव द्यावासा वाटतो काय?’ मग शांतपणें ऐकावें, उपदेश आवरावा (आम्हां मास्तरांस हें फार कठीण!), त्यास एकटें सोडूं नये व डॉक्टरांस तत्काळ कळवावें.

असा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र तणावाखालीं होता, असें २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा गृहीत धरतो, व त्याच्या शुश्रूषेची जबाबदारी सरकारवर टाकतो. २०२२ पासून ‘टेलि-मानस’ची १४४१६ या क्रमांकावरील विनामूल्य सेवा अहोरात्र चालते; सेनादलांसाठीं तिचा स्वतंत्र कक्ष १ डिसेंबर २०२३ रोजीं पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयांत उघडला गेला. १४४१६ वर मराठींतहि बोलतां येतें, आणि क्रमांक सैनिकानेंच फिरविला पाहिजे असें नाहीं. त्याची आई किंवा पत्नीहि तो फिरवूं शकते.