ताटाची डावी बाजू

व्याख्यान संपले की अध्यक्षांच्या टेबलावर श्रोत्यांच्या चिठ्ठ्या येऊ लागतात. विषय आहाराचा असला म्हणजे त्यांची संख्या दुप्पट होते, असा आमचा अनुभव आहे. कोणी विचारतात, भात सोडावा की पोळी? कोणी विचारतात, सकाळी कोमट पाण्यात मध आणि लिंबू घेतले असता चरबी झडते हे खरे काय? एका भगिनींनी लिहिले होते, "सध्या आंब्याचे दिवस आहेत, निदान मृग लागेपर्यंत सवलत मिळावी." ती सवलत आम्ही टाळ्यांच्या गजरात तत्काळ देऊन टाकली. परंतु घरी परतताना मनात आले की या साऱ्या चिठ्ठ्यांत प्रश्न एकच आहे: काय सोडू? काय वाढावे, किती वाढावे आणि कोणास आधी वाढावे, हे कोणीच विचारीत नाही. आमच्या मते वाढत्या वजनाचे मर्म या न विचारलेल्या प्रश्नांत आहे. म्हणून येथे त्यांचाच विचार करू.

प्रथम ज्यांना आपले वजन वाढले आहे असे वाटतच नाही, त्यांच्याविषयी दोन शब्द. आमचे एक स्नेही कचेरीत हिशेबनीस होते. हातपाय काटकुळे, चेहरा उतरलेला, पोटाचा तेवढा घेर. "मी कसला लठ्ठ!" असे ते हसून म्हणत. विम्याच्या तपासणीत वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी त्यांच्या रक्तात साखर निघाली, तेव्हा त्यांचा आणि आमचाही विश्वास बसेना. लठ्ठपणा म्हणजे गलेलठ्ठ देह, अशी आपली समजूत असते. ती समजूत आपल्या लोकांच्या बाबतीत फसवी आहे.

ती किती फसवी आहे हे पुण्यातच झालेल्या कामावरून दिसून येते. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तेथील बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो होते. आपली बाळे उंचीने, डोक्याने, स्नायूंनी लहान होती, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. स्नायू थोडे आणि चरबी जास्त, अशी ही घडण जन्मापासूनची आहे. पुढे २००४ साली याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन यडकिन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण मांडले. दोघांचेही वजन उंचीच्या मानाने अगदी एकसारखे होते. परंतु यडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली! तराजूने दोघांना एकच माप दिले, शरीराने मात्र दिले नाही.

म्हणून आपल्यासाठी मापेही वेगळी धरतात. वजनाच्या किलोंना मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता जो अंक येतो तो आपल्याकडे २३ च्या खाली असावा. २५ पासून पुढे लठ्ठपणा समजावा. पाच फूट पाच इंच उंचीच्या माणसास ही २३ ची मर्यादा सुमारे साडेबासष्ट किलोंवर येते, पाच फूट उंचीच्या स्त्रीस सुमारे साडेत्रेपन्न किलोंवर. याहूनही सोपे माप शिंप्याच्या फितीचे. बरगड्यांची खालची कड आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडून, पोट आत न ओढता फीत धरावी. पुरुषांचा घेर ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटर या आत असावा. आमच्या स्नेह्यांचा ९८ भरला.

ही चरबी येते कोठून? भात, पोळी, पोहे, साबुदाणा यांतील पिष्टाची पोटात साखर होते. ती रक्तात उतरली की इन्शुलिन तिला स्नायूंत आणि यकृतात नेऊन ठेवते. परंतु ही कोठारे लहान असतात; दोन्ही मिळून जेमतेम अर्धा किलो साखर मावते. स्नायू वापरले गेले तर कोठार रिकामे होते आणि पुढच्या जेवणास जागा मिळते. खुर्चीत बसून दिवस काढणाऱ्याचे कोठार भरलेलेच राहते. मग शरीर आलेली साखर आधी जाळते आणि तेलातुपातील चरबी शिल्लक टाकते; जादा साखरेचीही काही प्रमाणात, विशेषतः यकृतात, चरबी होते. ज्यांचे स्नायू मुळातच थोडे, त्यांच्या घरी ही शिल्लक लवकर साचते. आपली गोष्ट हीच आहे.

यात आपल्या आईवडिलांचा किंवा आजीचा दोष काढण्याचे कारण नाही. त्यांनी टंचाई पाहिली होती. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून आलेल्या माणसांनी सुकडी खाल्ली आणि परदेशातून आलेल्या मिलोच्या भाकरी गोड मानल्या. "पोटभर जेव," "पानात टाकू नकोस," हा आग्रह त्या अनुभवातून आला. त्या काळी तो प्रेमाचा होता आणि शहाणपणाचाही होता. आज खडी फोडणे गेले, नांगर गेला, जाते गेले, विहिरीचा रहाट गेला. आग्रह तेवढा राहिला. कष्ट करणाऱ्याचे जेवण बसून राहणाऱ्याच्या पानात पडते, आणि घेर वाढतो.

आता उपायाकडे वळू. आमच्या स्नेह्यांनी प्रथम सर्वांना सुचतो तोच उपाय केला. भात, पोळी, तूप सारे बंद. सकाळ-संध्याकाळ मुळा, काकडी आणि ताक. तीन महिन्यांत आठ किलो उतरले. सत्कार होण्याइतके कौतुक झाले. वर्षाअखेर नऊ किलो परत आले! यात मनाच्या दुबळेपणाचा भाग थोडा; मोठा भाग शरीरधर्माचा. १९४४-४५ साली अमेरिकेतील मिनेसोटा येथे अन्सेल कीज यांनी ३६ धट्ट्याकट्ट्या तरुण स्वयंसेवकांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवून पाहिले. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. परंतु त्यांना दिवसरात्र अन्नाखेरीज दुसरे सुचेना. कोणी पाककृतींची पुस्तके वाचीत बसू लागले. अन्न पुन्हा मिळू लागताच त्यांची भूक भागता भागेना. उपाशी शरीर चरबीबरोबर स्नायूही खाते, आणि परत येते ती मुख्यतः चरबी. म्हणजे कोठार आणखी लहान झाले. उपासमारीने वजन उतरवणे म्हणजे घराचे वासे जाळून चूल पेटवणे होय.

आपल्या उपवासाची तर निराळीच तऱ्हा. एकादशी आणि दुप्पट खाशी, ही म्हण काही उगाच पडली नाही. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात प्रथिने नावालाही नाहीत. शंभर ग्रॅम साबुदाणा, मूठभर दाण्याचे कूट, दोन चमचे तूप आणि एक बटाटा यांची खिचडी सहाशे उष्मांकांच्या, म्हणजे कॅलरींच्या, घरात जाते. व्रत म्हणून ती खुशाल खावी. वजनाच्या खात्यात तिची नोंद उपवास म्हणून करू नये. मधाचेही तसेच. मध म्हणजे बव्हंशी साखरच, आणि लिंबाच्या अंगी चरबी विरघळवण्याचा गुण नाही.

मग करावे काय? आपली पान वाढण्याची रीत पाहा. डाव्या बाजूस मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजव्या बाजूस भाजी, उसळ, आमटी. मध्ये भाताची मूद, वरण, तूप, आणि मागाहून पोळ्या. रचना उत्तम आहे. बिघडले आहे ते प्रमाण. डावीकडची कोशिंबीर चमचाभर, उजवीकडची उसळ वाटीच्या तळाशी, आणि मध्यभागास मात्र मर्यादा नाही.

हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था १९१८ साली कुन्नूर येथे बेरीबेरीच्या शोधासाठी सुरू झाली. उणिवेच्या रोगांशी झुंजण्यात तिची हयात गेली. त्याच संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात लठ्ठपणाचाही विचार करावा लागला आहे. दिवसाला दोन हजार उष्मांक लागणाऱ्या माणसासाठी तिने कच्च्या वजनाने असे प्रमाण दिले आहे: तृणधान्ये २५० ग्रॅम, डाळी व कडधान्ये ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध-दही ३०० मिलिलिटर, शेंगदाणे-तीळ वगैरे ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम.

हे आपल्या घरी मोजून पाहू. सकाळी बशीभर पोहे; पोहे म्हणजे भातच, ते साठ ग्रॅम. दुपारी दोन वाट्या भात आणि तीन पोळ्या, रात्री एक वाटी भात आणि तीन पोळ्या. बेरीज साधारण ३६० ग्रॅम होते. शंभरावर ग्रॅम जास्त, म्हणजे पावणेचारशेच्या आसपास उष्मांक, तेही ज्याला आपण साधे जेवण म्हणतो त्यात. उलट वरण पातळ, म्हणून डाळ तीस-चाळीस ग्रॅमच्या पुढे जात नाही; आणि बटाटा वगळला तर भाजी दीडशे ग्रॅमही भरत नाही.

म्हणून आमची सूचना एवढीच. भात आणि पोळी यांपैकी एका जेवणास एकच घ्यावे. डाव्या बाजूची कोशिंबीर चमच्यावरून वाटीवर न्यावी. काकडी, गाजर, मुळा, टोमॅटो, कोबी, जे स्वस्त असेल ते. उजव्या बाजूची उसळ वा घट्ट वरण दुप्पट करावे: मटकी, मूग, हरभरा, चवळी, मसूर. पिठले हाही डाळीचाच प्रकार आहे. तेल बेताचे असले तर त्याच्याइतके सोयीचे अन्न नाही. मांसाहारी घरांत अंडे किंवा मासे हेच काम करतात. फक्त ते तळलेले नसावेत. बटाट्याचा हिशेब भाताच्या खात्यात धरावा. आणि जेवणास आरंभ कोशिंबीर व उसळ यांनी करावा, भात-पोळी मागाहून घ्यावी. चोथा आणि प्रथिने पोटात आधी गेली म्हणजे भूक लवकर शमते आणि रक्तातील साखरही सावकाश चढते.

तेल आणि साखर यांचा हिशेब पानात न करता वाण्याच्या यादीत करावा. दिवसाला २७ ग्रॅम धरले तर चार माणसांच्या घरास महिन्याला तेल आणि तूप मिळून सव्वातीन किलो पुरावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की वरून घातलेली साखर एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत, शक्य तर ५ टक्क्यांच्या आत असावी. पाच टक्के म्हणजे २५ ग्रॅम, अर्थात चार माणसांस महिन्याला तीन किलो, आणि त्यात बिस्किटे-मिठाईतील साखरही आली. दोन चमचे साखरेचे चार चहा घेणाऱ्याचे खाते चहातच ओलांडले जाते. मागील महिन्याची यादी घरी जाऊन जरूर पाहावी; आम्ही पाहिली तेव्हा आम्हांस मान खाली घालावी लागली.

आता शेवटचा प्रश्न, कोणास आधी वाढावे? २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी २४ टक्के वाजवीपेक्षा जास्त वजनाच्या आढळल्या, आणि ५७ टक्क्यांच्या अंगात रक्त कमी निघाले. वजन जास्त आणि रक्त कमी, हे एकाच घरात, पुष्कळदा एकाच देहात कसे? स्वयंपाकघरात पाहिले की कळते. सर्वांची जेवणे उरकल्यावर ती माउली बसते, तेव्हा उसळ संपलेली असते, कोशिंबिरीचे पाणी उरलेले असते. भात मात्र उरतो, आणि टाकायचा नाही म्हणून तो तिच्या पानात येतो. उष्मांक तिला मिळतात. लोह आणि प्रथिने मिळत नाहीत. पुढे तिच्या पोटी येणारे बाळही तीच घडण घेऊन येते, आणि आपण पुण्याजवळच्या त्या सहा खेड्यांपाशी पुन्हा येऊन पोहोचतो.

म्हणून वजन उतरवणे हे एकट्या माणसाचे व्रत नव्हे, ते घराचे काम आहे. आमच्या स्नेह्यांच्या घरी दुसऱ्या खेपेस वहिनींनी सूत्रे हाती घेतली. भाताचे पातेले लहान केले, उसळीचे मोठे केले. सर्वांनी एका वेळी बसायचे आणि उसळ सर्वांच्या, आपल्याही, पानात पडल्याखेरीज कोणी घास घ्यायचा नाही, असा नियम घातला. जेवणानंतर दोघे अर्धा तास फिरू लागली. दीड वर्षात त्यांचे सहा किलो उतरले, ते आजतागायत परत आले नाहीत. वहिनींच्या अंगातील रक्तही वाढले. आठवड्याला अर्ध्या किलोहून अधिक घाई कोणीही करू नये. मधुमेहाची औषधे चालू असलेल्यांनी, गर्भवतींनी आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज पानात मोठा बदल करू नये.

राहता राहिली आंब्याची सवलत. ती आम्ही परत घेत नाही. आमरसाची एक वाटी, साखर न घालता, खुशाल घ्यावी. त्या दिवशी भात नको, पुऱ्यांऐवजी दोन पोळ्या पुरेत, आणि डाव्या बाजूस कोशिंबीर वाटीभर असावी, म्हणजे झाले.