विषयनिवडीचे स्वातंत्र्य आणि तालुक्याचे महाविद्यालय

तालुक्याच्या महाविद्यालयाच्या बातम्या ठरलेल्या असतात. स्नेहसंमेलन, राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर, एखाद्या खेळाडूची विद्यापीठ संघात झालेली निवड, एखाद्या प्राध्यापकास मिळालेली पीएच.डी. वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर त्या छायाचित्रासह येतात, आणि याव्यातही. परंतु प्रवेशाच्या दिवसांत सूचनाफलकावर जो एक साधा कागद लागतो, त्याची बातमी कधी होत नाही. यंदा पहिल्या वर्षास कोणते विषय शिकविले जाणार, याची यादी त्यावर असते. बारावी झालेल्या मुलामुलींचे पुढचे शिक्षण पुष्कळसे त्या कागदाने ठरते.

देगलूरसारख्या गावी या कागदाचे वजन अधिक आहे. निजामी राजवटीत या भागातील तरुणाला पदवीसाठी हैदराबादची वाट धरावी लागे. तेथील उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली उर्दू माध्यमाचे म्हणून स्थापन झाले होते. मराठी वा तेलुगू बोलणाऱ्या घरातील किती मुले ती वाट चालू शकत असतील, याची कल्पना करता येते. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान मुक्त झाले, १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झाले, १९५८ मध्ये औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ आले. त्यानंतर १९६३ मध्ये देगलूरला महाविद्यालय उभे राहिले. ते काढणाऱ्या संस्थेचे नाव अडत व्यापारी शिक्षण संस्था. शेतकऱ्याच्या मालाची विक्री करून देऊन त्यावर अडत घेणारा वर्ग एरवी फारशा प्रेमाने ओळखला जात नाही. अर्थशास्त्राच्या पुस्तकांतही त्याची संभावना मध्यस्थ अशीच होते. त्या वर्गाच्या नावाने तालुक्यात पदवीचे शिक्षण आले, ही नोंद मराठवाड्याच्या शैक्षणिक इतिहासात ठळकपणे व्हायला हवी.

गावाचे स्थानही वेगळे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत देगलूर तालुक्यातील बिचकुंदा व जुक्कल ही मंडळे आंध्रात गेली. आज ती तेलंगणात आहेत. कर्नाटकाची सीमाही दूर नाही. बाजारात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू कानी पडते. ज्याला ऐपत आहे तो बारावीसाठीच लातूर वा नांदेडला जातो. कला शाखेसाठी गावात राहतो तो प्रामुख्याने अल्पभूधारकाचा मुलगा, आणि जिला रोज परगावी जाण्याची परवानगी घरातून मिळत नाही अशी मुलगी. तिच्या दृष्टीने गावातील महाविद्यालय हेच विद्यापीठ, आणि सूचनाफलकावरील यादी हाच ज्ञानाचा सारा विस्तार.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये जाहीर झाले आणि महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत पदवीच्या पहिल्या वर्षाला ते २०२४-२५ पासून लागू झाले. विद्यार्थ्याने एक मुख्य विषय घ्यावा, एक दुय्यम घ्यावा, एखादा विषय दुसऱ्या विद्याशाखेतून निवडावा, जोडीला कौशल्याचा अभ्यासक्रम करावा, अशी त्याची मांडणी आहे. तीन वर्षांत किमान १२० श्रेयांक, चौथे वर्ष केल्यास १६०. इतिहासाच्या विद्यार्थ्याला वनस्पतिशास्त्राची ओळख व्हावी, हा विचार उदार आहे; त्यास विरोध करण्याचे कारण नाही.

प्रश्न वेगळाच आहे. हे विषय शिकविणार कोण? निवड करण्यासाठी आधी निवडण्याजोगे काही समोर असावे लागते. महाराष्ट्रात २०१७ मध्ये प्राध्यापक भरती थांबली. २०१८ मध्ये सहायक प्राध्यापकांची ३,५८० पदे भरण्यास शासनाने मान्यता दिली. ती भरती पूर्ण होण्याआधीच करोनाची साथ आली, आणि उरलेल्या २,०८८ पदांना २०२१ मध्ये पुन्हा मान्यता द्यावी लागली. दरम्यान निवृत्ती थांबत नाही. रिकाम्या जागी तासिका तत्त्वावरचा अध्यापक येतो. तो बहुधा नेट वा सेट उत्तीर्ण असतो, कधी पीएच.डी. झालेला असतो, मोबदला तासाप्रमाणे, सुटीत काहीच नाही. पुढच्या जूनमध्ये तोच परत येईल याची हमी ना त्याला, ना विद्यार्थ्याला. त्याच्या भरवशावर चार वर्षांची विषययोजना आखणे कठीण.

अशा स्थितीत लहान महाविद्यालय जे करते ते स्वाभाविक आहे. ज्या विषयाचा कायम प्राध्यापक आहे, तोच विषय यादीत येतो. कला, वाणिज्य आणि विज्ञान या तिन्ही शाखा एकत्र असतील तर दुसऱ्या शाखेतील विषय देणे निदान शक्य असते. नुसत्या कला शाखेच्या महाविद्यालयात तेही अवघड. मग विद्यार्थी यादीतील एकमेव नावावर खूण करतो, आणि अर्जावर त्या रकान्याचे शीर्षक मात्र ‘निवड’ असेच राहते. पुढचा टप्पा अधिक वाईट आहे. विषय दिला नाही म्हणून विद्यार्थी येत नाहीत, विद्यार्थी नाहीत म्हणून कार्यभार भरत नाही, कार्यभार नाही म्हणून पद मंजूर होत नाही. हे चक्र दोनतीन वर्षे फिरले की विभागाच्या दारावरची पाटी तेवढी उरते. तत्त्वज्ञानासारखे विषय याच मार्गाने जातात, आणि त्याला मागणीचा अभाव असे नाव दिले जाते. वस्तुतः जो पदार्थ दुकानात कधी ठेवलाच नाही, त्याला गिऱ्हाईक नाही असे म्हणण्यात अर्थ नाही.

‘स्वयम्’वरील दूरस्थ अभ्यासक्रम हा उपाय सुचविला जातो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमानुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम त्या मार्गाने पूर्ण करता येतात. ज्याची इंग्रजी बरी आणि ज्याच्या घरात अभ्यासाला जागा आहे, त्याला त्याचा लाभ होईल. घरात प्रथमच पदवीला बसणाऱ्या मुलीला मात्र शंका विचारायला समोर माणूस लागतो.

क्षेत्रप्रकल्पाची तरतूद मात्र देगलूरला सोयीची आहे. ज्या अडतीच्या व्यवसायाने महाविद्यालयाला नाव दिले, तो समजून घ्यायला विद्यार्थ्याला गावाबाहेर जावे लागत नाही. सोयाबीन, तूर, मूग, उडीद यांची आवक कोणत्या महिन्यात वाढते, त्या वेळी भाव किती उतरतो, शेतकऱ्याच्या पट्टीतून हमाली, तोलाई म्हणून काय कापले जाते, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी वर्षभर नोंदविले तर बाजार समितीलाही उपयोगी पडेल असा दस्तऐवज तयार होईल. सीमेवरच्या बाजारातील बोलींची नोंद भाषेच्या विद्यार्थ्यांना करता येईल. मात्र या कामाला वर्षभर तोच मार्गदर्शक हवा.

विषयांसाठी दुसरी वाट म्हणजे देगलूर, बिलोली, मुखेड, नायगाव या परिसरातील महाविद्यालयांनी प्राध्यापकांची वाटणी करावी. एकाने तत्त्वज्ञान सांभाळावे, दुसऱ्याने भूगोल, आणि आठवड्यातून दोन दिवस त्यांनी शेजारी जाऊन तास घ्यावेत. नव्या धोरणाला अशी सहकार्याची कल्पना परकी नाही. अडचणी क्षुल्लक वाटाव्यात अशा आहेत. वेळापत्रके जुळवावी लागतील, एस.टी.चे भाडे कोण देणार हे ठरवावे लागेल, आणि शेजारच्या महाविद्यालयात घेतलेला तास कोणाच्या कार्यभारात धरायचा, याचा लेखी खुलासा विद्यापीठाकडून आणि शिक्षण सहसंचालक कार्यालयाकडून मिळवावा लागेल. हा खुलासा प्रवेश सुरू होण्यापूर्वी आला, तरच सूचनाफलकावरच्या यादीत एखादा विषय वाढू शकेल.