हातचा नसलेला गुणाकार

तलवाड्यातल्या पोरांनो, कॅल्क्युलेटर राहू द्या, कागद घ्या. १११११११११ ला त्याच संख्येने गुणा. एकांच्या नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उभी बेरीज १, २, ३ करत ९ पर्यंत चढते नि तशीच उतरते. हातचा कुठेच नाही! उत्तर : १२३४५६७८९८७६५४३२१. अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने निःशेष भागही जातो. ८१ ने गुणलंत तर थेट ९९९९९९९९९ चा वर्ग. देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) अशा संख्यांना ‘डेम्लो’ म्हणत. सगळे त्यांच्या ६१७४ या संख्येचंच कौतुक करतात. मला मात्र ही डेम्लो संख्या जास्त आवडते. आता नऊऐवजी दहा एकांची संख्या घेऊन बघा. मधल्या घरात १० येतात, हातचा घुसतो : १२३४५६७९००९८७६५४३२१. चढताना आठ गायब!