एका दाढीची किंमत

दाढी ही नेहमीचीच गोष्ट. पण एका दाढीला किती पैसे पडतात, असे विचारले तर पुष्कळांना सांगता येत नाही. आता आपल्याला वाचता येते, आकडे मांडता येतात. मग हा हिशोब आपणच करून पाहू या.

पूर्वीची रीत

पूर्वी खेड्यात दाढीला रोकड लागत नसे. न्हावी हा बारा बलुतेदारांपैकी एक. तो धोकटी घेऊन घरी येई. वर्षभर दाढी-डोई करी आणि सुगीला खळ्यावरून आपले बलुते, म्हणजे धान्याचा वाटा, घेऊन जाई. त्याचा वस्तरा सहाणेवर घासावा लागे, चामड्याच्या पट्ट्यावर फिरवावा लागे. ते कसबी हाताचे काम. नवशिक्याने वस्तऱ्याच्या वाटेला जाऊ नये.

१९०३ साली अमेरिकेत किंग कॅम्प जिलेट यांच्या कंपनीने नव्या तऱ्हेचा रेझर विकायला काढला. त्यात पातळ, दुधारी ब्लेड बसवायचे. धारेचा थोडासाच भाग बाहेर राहतो, म्हणून खोल कापत नाही. धार गेली की ब्लेड बदलायचे. पहिल्या वर्षी असे ५१ रेझर खपले. पुढे तोच रेझर जगभर पोचला.

सामान किती लागते?

फार नाही. रेझर, ब्लेड, ब्रश, दाढीचा साबण आणि तुरटीचा खडा. वाटी आणि आरसा घरात असतोच.

भाव गावोगाव वेगळे असतात. आपण हिशोबापुरते धरू या:

रेझर – २०० रुपये
ब्रश – ६० रुपये
साबण – ४० रुपये
तुरटी – १० रुपये
एकूण – ३१० रुपये

एकदम ३१० रुपये म्हटले की छाती दडपते. पण थांबा. हा खर्च रोजचा नाही. रेझर धातूचा असला, वापरल्यावर धुऊन-पुसून ठेवला, तर वर्षानुवर्षे टिकतो. ब्रशही झटकून टांगून ठेवला तर पुष्कळ दिवस जातो.

आता ब्लेड. समजा, एक ब्लेड ३ रुपयांना पडले आणि त्यात चार दाढ्या झाल्या. तर ३ भागिले ४, म्हणजे एका दाढीला ७५ पैसे.

समजा, दुकानात एका दाढीचे ४० रुपये पडतात आणि आपण आठवड्याला एक दाढी करतो. वर्षाचे आठवडे ५२. तर ५२ गुणिले ४०, म्हणजे २,०८० रुपये.

घरी केली तर? सामान ३१०. ब्लेड १३, त्यांचे ३९ रुपये. आणखी एक साबण ४०. पहिल्या वर्षी एकूण ३८९ रुपये. आठ दाढ्या झाल्या की सामानाचे पैसे वसूल!

रेझर घेताना पाते विचारा

बाजारात प्लास्टिकचे रेझरही मिळतात. काही वापरून फेकायचे, काहींचे पाते बदलायचे. २०१० साली जिलेट कंपनीने भारतातल्या साध्या गिऱ्हाइकासाठी एक रेझर आणला. आपल्याकडे कितीतरी माणसे जमिनीवर बसून, वाटीभर पाण्यात दाढी करतात. त्यामुळे पात्यात केस अडकतात. हे पाहून त्याची घडण केली होती. तेव्हा रेझर १५ रुपयांना आणि पाते ५ रुपयांना होते.

यात एक गोम आहे, ती ध्यानात ठेवा. रेझर एकदाच घ्यायचा असतो, पाते पुन्हा पुन्हा. रेझर स्वस्त आणि पाते महाग, असा सौदा पुष्कळदा असतो. शिवाय तसल्या रेझरला बहुधा त्याचेच पाते लागते. जुन्या दुधारी रेझरला कुठल्याही कंपनीचे दुधारी ब्लेड चालते. म्हणून रेझर हातात घेतला की आधी विचारा, "भाऊ, याचे पाते केवढ्याला?" मग मनात भागाकार करा.

महागड्या बाटल्यांची नवशिक्याला गरज नाही. दाढी झाल्यावर गार पाणी लावावे, तुरटी फिरवावी. बारीक कापले असेल तर तुरटीने रक्त थांबते. दाढीचा साबण मात्र घ्यावा. अंगाच्या साबणाचा फेस लवकर वाळतो, आणि कोरड्या गालावर ब्लेड ओढले की आग होते. आधी दोन-तीन मिनिटे कोमट पाण्याने दाढी भिजवा. केस मऊ होतात आणि ब्लेडही जास्त टिकते. केस ज्या बाजूला वाढतात त्याच बाजूने हलका हात फिरवा. दाबू नका.

येथे पैसे वाचवू नका

आपल्या नंदुरबार जिल्ह्यातून दरवर्षी पुष्कळ माणसे ऊसतोडीला गुजरातेत जातात. एका खोपीत पाच-सहा जण, आणि रेझर एकच! एकाची दाढी झाली की तेच ब्लेड दुसऱ्याच्या गालावर. यात ३ रुपये वाचतात, पण जिवाला धोका असतो.

ब्लेडला लागलेले रक्त डोळ्यांना दिसतही नाही. पण ज्याला हिपॅटायटिस बी नावाची कावीळ आहे, त्याच्या वाळलेल्या रक्तातही तिचे विषाणू सात दिवस जिवंत राहू शकतात. नुसते पाण्यात खळबळून ते जात नाहीत. ही कावीळ काहींच्या अंगात वर्षानुवर्षे राहून यकृत खराब करते. म्हणून ब्लेड आणि तुरटी ज्याची त्याची. सख्ख्या भावालाही देऊ नये.

घरातल्या बायामाणसांनीही एक ध्यानात ठेवावे. दाढीच्या जुन्या ब्लेडने बाळाची नाळ कधी कापू नये. धनुर्वात होऊन बाळ दगावते. बाळंतपण दवाखान्यातच करावे.

वापरलेले ब्लेड उकिरड्यावर टाकू नका. ते खताबरोबर शेतात जाते आणि कुणाच्या तरी पायात घुसते. एका डब्याच्या झाकणाला चीर पाडा आणि त्यात साठवा.

मग न्हाव्याकडे जाऊच नये का?

जावे की! केस आरशात बघून आपले आपल्याला कापता येत नाहीत. ज्याचा हात कापतो, ज्याला नीट दिसत नाही, त्याने दाढीही त्याच्याकडेच करावी. ४० रुपयांत त्याचे कसब असते आणि आपला आराम असतो. फक्त एवढे म्हणावे, "दादा, नवे ब्लेड माझ्यासमोर लावा." चांगला कारागीर त्याचा राग मानत नाही.

आता तुम्ही मांडा

१. तुमच्या गावात एका दाढीचे किती रुपये पडतात? वर्षाचे किती होतात?
२. बाजारात तीन तऱ्हेच्या पात्यांचे भाव विचारा. प्रत्येकात किती दाढ्या होतात? एका दाढीला काय पडते?
३. तुमच्या घरात एकच ब्लेड किती जण वापरतात? आजपासून काय कराल? दोन ओळी लिहा.