पाचट ठेवायचे, तर खत घालायचे कसे?



ऊस तुटून गेला की पाचटाला काडी लावायची, ही आपली वहिवाट. गावोगाव फिरताना आम्ही कारण विचारतो. उत्तर ठरलेले : "साहेब, पाचट ठेवलं तर खोडव्याला खत घालायचं कसं?"

अडचण खरी आहे. पण काडी लावली की ती तिथेच संपते, पुढे डोके चालवायची गरजच राहत नाही ! पाचटातून औत चालत नाही. मग चालते काय? घरोघरी कोपऱ्यात पडलेली पहार. बुडख्यापासून १०-१५ सें.मी. सोडून, १५-२० सें.मी. खोल, फुटाफुटावर भोक घ्यावे, खत सोडून मातीने बुजवावे. पहिला हप्ता तोडणीनंतर १५ दिवसांत सरीच्या एका अंगाला, दुसरा १३५ दिवसांनी दुसऱ्या अंगाला. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची शिफारसही हीच आहे.

हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते. जाळले की त्यातला नत्र नि सेंद्रिय कर्ब धुरावाटे जातो. सरीत दाबून टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट व १ किलो कुजविणारे जिवाणू टाकले की तेच खत होते. ओलही टिकते.

पहारीला मजूर जादा लागतात, शेजारी हसतीलही. म्हणून सबंध रान घालू नका. पाच गुंठ्यांत करा, बाजूच्या पाच गुंठ्यांशी वजन ताडून पाहा. करता करता पहारीपेक्षा सोपी युक्ती सुचली तर गट ऑफिसला कळवा. आम्ही बांधावर येऊन पाहू.