परतीची वाट बंद होण्याआधी

बारामतीहून इंदापूर तालुक्यात शिरलं की दोन्ही अंगांना ऊस लागतो. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर वाढलेला हा मुलूख आहे. साखर कारखाने, त्यांच्याकडं निघालेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि उसाच्या भावाच्या गप्पा अशीच त्याची ओळख. याच मुलखात नीरेच्या काठी वालचंदनगर आहे. १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ घेऊन श्रीहरिकोट्याहून जो अग्निबाण उडाला, त्याच्या दोन्ही बाजूंच्या बूस्टरांच्या पोलादी कवचाचे भाग इथं घडले होते. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याची कवचंही इथं तयार होतात. उसाच्या पट्ट्यातल्या एका गावानं ही कामगिरी कशी साधली, याचं उत्तर जितकं यंत्रसामग्रीत आहे तितकंच एका शिस्तीत आहे. नवी वस्तू टप्प्याटप्प्यानं घडवायची आणि ठरलेल्या जागी थांबून ‘पुढं जायचं का?’ हा प्रश्न खरोखर विचारायचा, अशी ती शिस्त.

वालचंद हिराचंद दोशी मूळचे सोलापूरचे. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन, बंगळुरूचा विमान कारखाना, विशाखापट्टणमची जहाजगोदी, प्रीमियर ऑटोमोबाइल्स या सगळ्यांच्या उभारणीत त्यांचा हात होता. कळंब गावाजवळच्या माळरानावर त्यांनी १९३० च्या दशकात साखर कारखाना आणि भोवती वसाहत वसवली. गाळप चालू ठेवायचं तर रोलर, बॉयलर, गिअर यांची दुरुस्ती जागेवरच करावी लागे. पुढं इथं साखर आणि सिमेंट कारखान्यांची यंत्रं बनू लागली, मग अणुभट्ट्यांचे भाग, आणि १९७० च्या दशकापासून इस्रोची कामं आली.

साखर कारखान्याचा रोलर आणि अग्निबाणाचं कवच यांत मोठा फरक आहे. रोलर बिघडला तर गाळप थांबतं, फिटर येतो, काम पुन्हा सुरू होतं. घन इंधनाचा बूस्टर एकदा पेटला की विझवता येत नाही. चांद्रयान-३ घेऊन उडालेल्या एलव्हीएम-३ या अग्निबाणाचा एस-२०० बूस्टर सुमारे २०० टन इंधन दोन मिनिटांहून थोड्या अधिक वेळात जाळतो. तेवढा वेळ आतला दाब आणि आग पेलायचं काम ३.२ मीटर व्यासाच्या पोलादी नळकांड्याकडं असतं. त्यात एखादा दोष राहिला असेल तर तो पेटवण्याच्या आधीच सापडायला हवा.

टप्प्याटप्प्यावर थांबून तपासण्याच्या पद्धतीला जगभर आकार आला तो अशाच कामांतून. १९६० च्या दशकात नासानं मोठे प्रकल्प टप्प्यांत विभागले आणि पुढच्या टप्प्याचा पैसा मागच्या टप्प्याच्या निकालावर अवलंबून ठेवला. १९८० च्या दशकात कॅनडातले अभ्यासक रॉबर्ट कूपर यांनी कारखानदारीसाठी ‘स्टेज-गेट’ पद्धत मांडली. कल्पना, शक्यतेचा अभ्यास, आराखडा, चाचणी, उत्पादन असे टप्पे आणि प्रत्येक टप्प्याच्या तोंडाशी एक गेट. तिथं उत्तरं मोजकीच: पुढं जा, दुरुस्त करून परत या, किंवा काम बंद करा. बारामती एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्यांना हे नवं नाही. गाड्यांच्या कंपन्यांना माल द्यायचा तर एपीक्यूपीचे (गुणवत्तेच्या आगाऊ नियोजनाचे) पाच टप्पे पार करावे लागतात आणि ‘पीपॅप’ (उत्पादन-भागांची मंजुरी) मिळाल्याशिवाय नियमित उत्पादन सुरू होत नाही.

पण गेट कुठं उभं करायचं? कॅलेंडरकडं बघून, दर तीन महिन्यांनी बैठक घेऊन हे जमत नाही. वालचंदनगरमध्ये घडणाऱ्या कवचाचा प्रवास पाहिला की याचं उत्तर मिळतं.

हे कवच मॅरेजिंग पोलादाचं असतं. त्यात साधारण १८ टक्के निकेल, शिवाय कोबाल्ट, मॉलिब्डेनम आणि थोडं टायटॅनियम असतं. कार्बन मात्र जवळपास नाहीच. सुरुवातीला हे पोलाद त्या मानानं मऊ असतं. पत्रा गोल वळवता येतो, वेल्डिंग घेता येतं, मशीनवर कापता येतं. मग ते भट्टीत सुमारे ४८० अंश सेल्सिअसला काही तास ठेवलं की त्याची ताकद कितीतरी वाढते. याला एजिंग म्हणतात. एजिंगनंतर वेल्डमध्ये दोष निघाला तर दुरुस्ती अवघड होऊन बसते. तो भाग पुन्हा वितळवायचा म्हणजे कमावलेली ताकद तिथं घालवायची आणि तेवढ्याच जागेला पुन्हा उष्णता देत बसायचं. म्हणून भट्टीच्या दाराआधीची तपासणी सगळ्यात कडक. तिच्या आधीही गेटं असतातच: वेल्डर स्वतः परीक्षा देऊन पात्र ठरलेला असावा लागतो, मूळ कामासोबत त्याच पत्र्याचे नमुना तुकडे जोडून नंतर तोडून पाहिले जातात, सांध्यांचे एक्सरे आणि अल्ट्रासॉनिक तपासण्या होतात. शॉपमध्ये याला होल्ड पॉइंट म्हणतात. तिथं तपासनिसाची सही झाल्याशिवाय काम पुढच्या मशीनवर चढत नाही, मग पाठीमागं कितीही घाई असो.

एजिंगनंतर येते पाण्याच्या दाबाची चाचणी. कवच दोन्ही तोंडांनी बंद करून पाण्यानं भरतात आणि उड्डाणात येणाऱ्या कमाल दाबापेक्षा थोडा जास्त दाब हळूहळू चढवतात. हवेऐवजी पाणी वापरण्याचं कारण साधं आहे. पाणी फारसं दाबलं जात नाही, त्यामुळं त्यात साठणारी ऊर्जाही कमी. कवच फाटलंच तर हवेसारखा भीषण स्फोट होत नाही. पोलाद किती ताणलं जातंय हे अंगावर चिकटवलेले स्ट्रेन गेज सांगतात, आणि आत कुठं तडा सरकला तर त्याचा कानाला न कळणारा आवाज संवेदक टिपतात.

या चाचणीची किंमत अमेरिकेला एप्रिल १९६५ मध्ये कळली. २६० इंच व्यासाच्या प्रचंड घन-इंधन मोटरचं कवच, याच जातीच्या पोलादाचं, पाण्याच्या चाचणीत फुटलं. ठरलेल्या दाबाच्या निम्म्याहून थोडा अधिक दाब चढला होता, तेवढ्यातच. वेल्डच्या भागातले दोष आधीच्या तपासण्यांतून निसटले होते. नुकसान मोठं झालं, पण त्या कवचात इंधन नव्हतं. त्या अपघाताच्या अभ्यासातून मॅरेजिंग पोलादाच्या वेल्डिंगबद्दल आणि तडे कसे वाढतात याबद्दल जगाला बरंच शिकायला मिळालं. फुटायचंच होतं तर ते कवच योग्य गेटवर फुटलं.

वालचंदनगरचं गेट ओलांडलं की कवच श्रीहरिकोट्याला जातं. तिथं आतून अस्तर बसतं आणि इंधन ओतलं जातं. इंधन ओतल्यावर तर कवचाची आतली बाजू पुन्हा दिसतच नाही. म्हणजे भट्टी, इंधन आणि प्रज्वलन अशा तीन जागी परतीची वाट बंद होते, आणि प्रत्येक जागेच्या अलीकडं एक कडक गेट आहे. या पद्धतीचं सार मला यातच दिसतं. जे पाऊल मागं घेता येणार नाही, त्याच्या आधी थांबा.

हाच न्याय इस्रोनं अख्ख्या अग्निबाणाला लावला. एस-२०० मोटर जमिनीला जखडून पहिल्यांदा पेटवली ती २४ जानेवारी २०१० रोजी, दुसऱ्यांदा ४ सप्टेंबर २०११ रोजी. एलव्हीएम-३ चं पहिलं उड्डाण १८ डिसेंबर २०१४ रोजी झालं तेव्हा भारतीय बनावटीचा मोठा क्रायोजेनिक टप्पा अजून तयार नव्हता. म्हणून वरचा टप्पा न पेटणारा बसवून बूस्टर आणि मधला टप्पा तेवढे तपासले. पूर्ण अग्निबाण उडाला तो ५ जून २०१७ रोजी. गगनयानासाठी माणसं बसवायची ठरल्यावर तर ‘एस-२०० सिद्ध झालेलाच आहे’ असं कुणी म्हटलं नाही. सांध्यांना जादा सुरक्षा देऊन तयार केलेला मानव-पात्र बूस्टर १३ मे २०२२ रोजी पुन्हा जमिनीवर पूर्ण वेळ जाळून पाहिला.

शेवटचं गेट म्हणजे उड्डाणाआधीची उलट मोजणी. १५ जुलै २०१९ रोजी पहाटे चांद्रयान-२ उडायचं होतं. राष्ट्रपती श्रीहरिकोट्यात हजर होते, देश दूरचित्रवाणीसमोर जागा होता. ५६ मिनिटं २४ सेकंद उरले असताना तांत्रिक अडचणीमुळं घड्याळ थांबवलं गेलं. सात दिवसांनी, २२ जुलैला, तेच यान व्यवस्थित उडालं. त्या पहाटे ‘थांबा’ म्हणणाऱ्यांचा मला फार अभिमान वाटतो. पाहुणे आलेत, बातमी फुटलीय, हे कारण त्यांनी तांत्रिक निर्णयात शिरू दिलं नाही.

याच्या उलट उदाहरण नासाच्या चॅलेंजर या अवकाशयानाचं. २७ जानेवारी १९८६ च्या संध्याकाळी बूस्टर बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी थंडीत सांध्यातल्या रबरी कड्यांचा भरवसा नाही, उद्या उडवू नका, असं सांगितलं. बैठक झाली, आकडे मांडले गेले, पण दडपण आल्यावर वरिष्ठांनी सल्ला फिरवला. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटलं आणि सात माणसं गेली. कागदोपत्री गेट तिथंही होतं, फक्त ‘नाही’ म्हणणाऱ्याचं ‘नाही’ टिकलं नाही.

बारामती-इंदापूरच्या शेतकऱ्याला हा विचार परका वाटू नये. त्याच्या शेतात वर्षानुवर्षं उभा असलेला को ८६०३२ ऊस अशाच गेटांतून आलाय. संकर कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेचा. पारख पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रातही झाली, बारामतीपासून हे केंद्र लांब नाही. हजारो रोपांतून थोडी निवडायची, त्यांची लागण आणि खोडवा दोन्ही पाहायचे, वेगवेगळ्या ठिकाणी चाचण्या घ्यायच्या आणि प्रत्येक पायरीवर बहुतेकांना बाद करायचं. १९८६ चा क्रमांक मिळालेला हा वाण महाराष्ट्रात प्रसारित झाला १९९६ मध्ये. इतका वेळ का घ्यायचा? आडसाली लावली की शेतकरी दीड वर्ष अडकतो, खोडवा धरला की आणखी एक वर्ष. शेतकऱ्याची परतीची वाट लागणीच्या दिवशी बंद होते, म्हणून चुका त्याआधी संशोधन केंद्रातच व्हायला हव्यात.

आज या भागातली तरुण मंडळी ठिबकचे भाग, दूधप्रक्रियेची यंत्रं, शेतीची अवजारं बनवायला निघालीत. त्यांना इस्रोएवढे कागद लागणार नाहीत, लागूही नयेत. पण तीन गोष्टी छोट्या शेडमध्येही करता येतात. आपल्या वस्तूच्या वाटचालीत परत फिरणं महाग पडेल अशा जागा आधी शोधाव्यात: डाय बनवायला टाकणं, कर्ज उचलणं, पहिला माल गिऱ्हाइकाकडं धाडणं. त्या प्रत्येक जागेआधी काय सिद्ध झालं पाहिजे ते काम सुरू होण्यापूर्वीच लिहून ठेवावं, कारण पैसा आणि जीव गुंतल्यावर अटी आपोआप सैल होतात. आणि थांबवण्याचा अधिकार नाव घेऊन एका माणसाला द्यावा, तो कामगार असला तरी चालेल. त्यानं तो वापरला तर डिलिव्हरी उशिरा होईल, मालक चिडेल, गिऱ्हाईक फोन करील. तरी त्याच्या पाठीशी उभं राहायचं, एवढं मालकानं पहिल्याच दिवशी ठरवलेलं असावं.